पडद्यावरची साक्ष

तर्कशास्त्र शिकविण्यांत अठ्ठावीस वर्षें घालविलेल्या माणसाकडे चित्रपटांवरचा प्रबंध कोणी वाचावयास आणून देईल असें मला कधीं वाटलें नव्हतें. पण गेल्या पावसाळ्यांत तसें घडलें खरें. आमच्याच महाविद्यालयांतून पदवी घेऊन पुढें संज्ञापनविद्येच्या अभ्यासाकडे वळलेली एक विद्यार्थिनी भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवून आंत आली आणि दोनशें पानांचा एक गठ्ठा तिनें माझ्यापुढें ठेवला. अनुबोधपट आणि वास्तव असा कांहींसा विषय होता. त्यांतील एका प्रकरणाचें नांव नुसतें 'सत्य' असें होतें. तें वाचून तिच्या मार्गदर्शकांनीं, "हें कोणा तत्त्वज्ञानवाल्याला दाखव," असें सांगितलें होतें. आणि तिच्या ओळखींत तत्त्वज्ञानवाला म्हणून मी एकटाच उरलों होतों.

विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचण्यांत मला फारसा आनंद होत नाहीं हें कबूल केलें पाहिजे. बहुतेकांत दुसऱ्यांच्या मतांची जंत्री असते आणि शेवटीं कोणाचेंच मन दुखावणार नाहीं असा निष्कर्ष असतो. हा प्रबंध तसा नव्हता. त्याच्या अखेरीस एक परिशिष्ट होतें, आणि त्यांत तिनें स्वतःच केलेल्या एका लहानशा चित्रपटाविरुद्ध तक्रार नोंदविली होती. त्या तक्रारीकडे मी पुढें येणारच आहें. कारण त्या प्रकरणांत माझाहि थोडा हात होता.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. ज्याला इंग्रजींत डॉक्युमेंटरी म्हणतात त्याला मराठींत दोन नांवें आहेत, माहितीपट आणि अनुबोधपट. पहिलें नांव आज अधिक रुळलें आहे, पण मला दुसरें अधिक आवडतें. माहिती ही आयती हातीं पडणारी वस्तु आहे. 'अनु' म्हणजे मागाहून; पाहून झाल्यावर मागाहून जो होतो तो अनुबोध, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावतों. कोशकारांनीं क्षमा करावी. पडद्यावर पाहिलेल्याचा खरा अर्थ घरीं परत येतांना वाटेंत उलगडतो, आणि कधीं कधीं तो पाहतांना वाटला होता त्याच्या अगदीं उलट निघतो, असा माझा अनुभव आहे.

या कलेचा जन्म ज्या चित्रापासून सांगतात तेंच घ्या. १८९५ सालीं फ्रान्समधील लिओं शहरीं ल्यूमिएर बंधूंनीं आपल्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या कामगारांचें चित्रण केलें. दार उघडतें, बायका-पुरुष बाहेर येतात, कोणी सायकलवर आहे, एक कुत्रा मधूनच धांवतो. एक मिनिटाच्याहि आंत सारें संपतें. यापेक्षां निर्व्याज चित्र तें कोणतें? परंतु या चित्राच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या उपलब्ध आहेत. एकींत घोड्याची गाडी आहे, दुसरींत त्या गाडीला दोन घोडे आहेत, तिसरींत गाडीच नाहीं. म्हणजे कामगार त्या दारांतून चित्रणासाठीं पुन्हां पुन्हां बाहेर पडले. शिवाय ते ज्या कारखान्यांतून बाहेर पडले तो चित्रण करणाराच्याच मालकीचा होता. चित्रांत कॅमेऱ्याकडे थबकून पाहणारें जवळजवळ कोणी दिसत नाहीं. मालक समोर उभा असतां नोकरानें त्याच्याकडे न पाहतां सरळ निघून जावें, ही गोष्ट सांगितल्याशिवाय होणारी नव्हे. या कलेच्या पहिल्या मिनिटांतच मांडणीहि आली आणि मालकीहि आली.

तेंच चित्र पुढल्या वर्षीं, म्हणजे ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईस वॉटसन हॉटेलांत दाखविलें गेलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत सावेदादा भाटवडेकर यांनीं परदेशाहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें. केंब्रिजहून मोठा मान मिळवून परत आलेल्या रँग्लर परांजप्यांच्या १९०१ सालच्या स्वागताचेंहि त्यांनींच केलें. कुस्तीचा विषय मला विशेष उद्बोधक वाटतो. समजा, एखादी कुस्ती केवळ कॅमेऱ्यासाठीं लावली. तरी त्यांत जो चीत होतो तो खरोखरच चीत होतो. मुद्दाम योजलेली गोष्ट तेवढ्यानेंच खोटी ठरत नाहीं, एवढी एक खूणगांठ येथें बांधून ठेवूं.

आतां ज्या चित्राविषयीं या विद्यार्थिनीनें चाळीस पानें खर्चिलीं आहेत त्याकडे वळूं. रॉबर्ट फ्लाहर्टी हा अमेरिकन गृहस्थ मूळचा खाणींचा शोध घेणारा. हडसनच्या उपसागराभोंवतीं हिंडतांना त्यानें तेथील एस्किमो, म्हणजे ते स्वतःस म्हणवितात त्याप्रमाणें इन्युइट, लोकांचें बरेंच चित्रण केलें. १९१६ सालीं टोरांटो येथें काम करतांना त्याच्याच सिगारेटची ठिणगी पडून सुमारें तीस हजार फूट फिल्म जळाली. माणूस चिकट खरा. त्यानें एका लोकर-कातड्याच्या व्यापाऱ्याकडून द्रव्य मिळविलें, पुन्हां उत्तरेकडे जाऊन सारें नव्यानें टिपलें, आणि १९२२ सालीं 'नानूक ऑफ द नॉर्थ' हें चित्र प्रसिद्ध झालें. बर्फाच्या वादळांत, भाल्याच्या बळावर बायकामुलांचें पोट भरणारा हंसतमुख शिकारी नानूक साऱ्या जगाच्या ओळखीचा झाला.

त्या शिकाऱ्याचें नांव नानूक नव्हतें. अल्लाकारिअल्लाक असें होतें. चित्रांतली त्याची बायको त्याची बायको नव्हती. त्या काळीं तेथले लोक बंदुकीनें शिकार करीत असत, पण फ्लाहर्टीनें त्यांच्याकडून भाल्याची शिकार करवून घेतली. बर्फाच्या घरांत कॅमेरा मावेना आणि उजेडहि पुरेना, म्हणून नेहमींपेक्षां मोठें घर बांधवून त्याची एक बाजू उघडी ठेवली. आपण आंतली ऊब समजून पाहतों तें कुटुंब वस्तुतः उघड्या वाऱ्यांत कुडकुडत कपडे उतरीत होतें. व्यापाऱ्याच्या ठाण्यांत ग्रामोफोनची तबकडी पाहून नानूक ती दातांनीं चावून पाहतो, तेव्हां प्रेक्षागृहांत हंशा पिकतो. पण ग्रामोफोन काय वस्तु आहे हें त्या माणसाला चांगलें ठाऊक होतें. पुढें तो वारला, आणि तो उपासमारीनें मेला असें जगाला सांगण्यांत आलें. तो बहुधा क्षयानें, आपल्या घरीं वारला असें आतांचे अभ्यासक मानतात.

इतकें वाचल्यावर कोणीहि म्हणेल कीं हें सारें थोतांड आहे. मींहि प्रथम तसेंच म्हटलें. पण विद्यार्थिनीनें दुसरी बाजूहि मांडली होती, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाहीं. फ्लाहर्टी आपलें चित्रण तेथेंच धुवून त्या लोकांनाच दाखवीत असे. त्याचा कॅमेरा दुरुस्त करण्यापासून पाणी वाहण्यापर्यंत सारीं कामें तेच करीत. पुढचा प्रसंग कोणता घ्यावा हेंहि त्यांच्याशीं बोलून ठरे. आजोबांच्या काळची शिकार आपण करून दाखवीत आहों हें त्यांना पुरतें माहीत होतें. नानूक फसला नव्हता. फसला तो न्यूयॉर्कांत तिकीट काढून बसलेला प्रेक्षक. आणि ज्या स्त्रीनें नानूकच्या बायकोची भूमिका केली तिला फ्लाहर्टीपासून झालेला मुलगा बापाला कधींच भेटला नाहीं, हें चित्रांत कोठेंच नाहीं. चित्रांतला खोटेपणा आणि चित्राबाहेरचा अन्याय या दोन गोष्टी निरनिराळ्या मापांनीं मोजाव्या लागतात, असें मला वाटूं लागलें तें येथपासून.

माझा धंदा तर्कशास्त्राचा असल्यामुळें मला येथें आमच्या नैयायिकांची आठवण होणें साहजिक आहे. त्यांनीं ज्ञानाचीं साधनें चार मानिलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियाचा वस्तूशीं संबंध येऊन जें ज्ञान होतें तें प्रत्यक्ष. विश्वासू माणसाच्या, त्यांच्या भाषेंत आप्ताच्या, सांगण्यावरून जें होतें तें शब्द. आतां अनुबोधपट पाहून आपणांस होणारें ज्ञान यांपैकीं कोणत्या जातीचें? कोणीहि चटकन् उत्तर देईल कीं, प्रत्यक्ष. डोळ्यांनीं पाहिलें कीं! पण डोळ्यांचा संबंध येतो तो पांढऱ्या पडद्याशीं. हडसनच्या उपसागराशीं तो येत नाहीं. कॅमेरा कोठें ठेवावा, केव्हां सुरू करावा, केव्हां थांबवावा, कशाला काय जोडावें आणि काय कापून टाकावें, हें सारें कोणीतरी ठरविलेलें असतें. आपण पाहतों असें आपणांस वाटत असतें तेव्हां आपण वस्तुतः कोणाचें तरी सांगणें ऐकत असतों. अनुबोधपट म्हणजे प्रत्यक्षाचा वेष घेऊन आलेला शब्द होय. या वेषांतच त्याचें सामर्थ्य आहे, आणि त्याची लबाडीहि.

यावर विद्यार्थिनीनें मला अडविलें. ती म्हणाली, "सर, पण कॅमेऱ्यासमोर कांहींतरी असल्याशिवाय चित्र उमटत नाहीं. लेखक नसलेल्या माणसाचें वर्णन करूं शकतो; कॅमेऱ्याला तें जमत नाहीं." आक्षेप बिनतोड होता. फिल्मेवर उमटलेला ठसा हा त्या वस्तूचा परिणाम आहे. परिणामावरून कारणाकडे जाणें हें अनुमान. पर्वतावर धूर दिसतो, अर्थात् तेथें अग्नि आहे, हें आमचें शेंकडों वर्षांचें उदाहरण. आणि गंमत अशी कीं, अनुबोधपटांच्या इतिहासांत हें उदाहरण अक्षरशः घडलेलें आहे! लुई बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकानें १९३३ सालीं स्पेनमधील लास उर्देस नांवाच्या अत्यंत दरिद्री डोंगराळ भागावर एक चित्र केलें. त्यांत निवेदक सांगतो कीं, येथील लोकांना बकऱ्याचें मांस मिळतें तें एखादा बकरा कड्यावरून पडून मेला तरच. लगेच पडद्यावर एक बकरा कड्यावरून कोसळतो. पण नीट पाहणाराला चित्राच्या कडेला धुराचा एक लहानसा लोट दिसतो. बंदूक झाडलेली आहे! निवेदकाचा शब्द एक सांगतो आणि धूर दुसरेंच सांगतो. कांहीं रसिकांच्या मतें बुन्युएलनें तो धूर मुद्दामच राहूं दिला. प्रेक्षकानें निवेदकावर विश्वास ठेवूं नये हाच त्याचा डाव होता. असेल. त्या बकऱ्याला त्याचें काय?

या अनुमानावर मात्र यापुढें फार काळ विसंबतां येणार नाहीं. आज यंत्राला चार ओळी लिहून दिल्या कीं तें न घडलेल्या प्रसंगाचें हुबेहूब हलतें-बोलतें चित्र तयार करून देतें. पर्वत नाहीं, अग्नि नाहीं, आणि धूर मात्र हवा तेवढा. आजवर आपण फोटोला जो मान दिला तो या अनुमानाच्या जोरावर. तो आधार आतां ढांसळत आहे. राहिला शब्द. चित्र कोणीं दाखविलें, तो माणूस कसा आहे, हाच प्रश्न पुन्हां पहिल्या जागीं येऊन बसला आहे.

आप्त कोणाला म्हणावें याविषयीं वात्स्यायनाचें म्हणणें मला फार समंजस वाटतें. ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी दुसऱ्यास सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांनाहि सारखेंच लागूं आहे. येथें जातकुळीचा प्रश्न नाहीं, आणि मौजेची गोष्ट म्हणजे साधनाचाहि नाहीं. ही कसोटी लावली तर मुद्दाम योजलेल्या प्रसंगांची भीति बरीच कमी होते. १९३६ सालीं ब्रिटिश टपालखात्याच्या चित्रपटशाखेनें 'नाइट मेल' नांवाचें चित्र केलें. लंडनहून स्कॉटलंडकडे रात्रीं धांवणाऱ्या टपालगाडींत पत्रें कशीं निवडलीं जातात तें त्यांत दाखविलें आहे. धांवत्या डब्यांत चित्रण करणें तेव्हां शक्य नव्हतें. म्हणून डबा स्टुडिओंत उभारला, त्यांत टपालखात्याचे खरे नोकर उभे केले, आणि गाडी हलते आहे असें भासावें म्हणून त्यांना अंग डोलवावयास सांगितलें. पण ते जें करीत होते तेंच ते रोज रात्रीं करीत होते. प्रेक्षक त्या चित्रावरून जें समजला तें खरेंच होतें. उलट लेनी रीफेन्श्टालचें १९३५ सालचें न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्याचें चित्र पाहावें. लाखों माणसें खरोखरच तेथें उभीं होतीं, हिटलर खरोखरच बोलत होता. आपण घडलें तेंच टिपलें असें ती बाई पुढें जन्मभर सांगत राहिली. पण तो मेळावाच कॅमेऱ्यावर डोळा ठेवून सजविलेला होता, आणि जें त्या चित्रांत कोठेंच दिसत नाहीं तेंच त्या राजवटीचें खरें रूप होतें. टपालगाडीचा डबा खोटा असून चित्र खरें. मेळावा खरा असून चित्र खोटें.

येथपर्यंत आल्यावर मी स्वतःवर खूष होतों. प्रश्न सुटला असें मला वाटलें. पण वात्स्यायनाच्या व्याख्येंत दोनच माणसें आहेत, सांगणारा आणि ऐकणारा. ज्याच्याविषयीं सांगितलें जातें तो तिसरा माणूस तींत नाहीं. नदीला पूर आला आहे असें सांगतांना नदीची परवानगी कोणी घेत नाहीं. नैयायिकांचीं उदाहरणें बहुधा अशींच नद्यांचीं आणि पर्वतांचीं असतात. पण पडद्यावर माणसें असतात.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ब्रिजवॉटर येथें वेडे गुन्हेगार ठेवण्याचें सरकारी रुग्णालय होतें. फ्रेडरिक वाइजमन यानें तेथें जाऊन १९६७ सालीं 'टिटिकट फॉलीज' हें चित्र केलें. निवेदन नाहीं, संगीत नाहीं, कोणाला कांहीं करावयास सांगितलेलें नाहीं. नग्न रोग्यांना पहारेकरी डिवचतात; एका रोग्याच्या नाकांतून नळी घालून त्याला अन्न भरविलें जातें आणि भरविणाऱ्या डॉक्टरच्या तोंडांतल्या सिगारेटची राख लोंबत असते. नानूकवर घेतलेला एकहि आक्षेप या चित्रावर घेतां येत नाहीं. पण संस्थानानें न्यायालयांत धांव घेतली: या रोग्यांची अब्रू उघड्यावर आली, त्यांनीं समजून-उमजून संमति दिलेली नाहीं. कित्येक वर्षें तें चित्र केवळ डॉक्टर, वकील, विद्यार्थी अशांनाच दाखवितां येई. सर्वांना दाखविण्याची मोकळीक मिळाली ती १९९१ सालीं. संस्थानाला रोग्यांच्या अब्रूपेक्षां स्वतःची अब्रू झांकावयाची होती हें उघड आहे. पण लबाडानें मांडला म्हणून प्रश्न लबाड ठरत नाहीं. त्या नग्न माणसाला कोणीं विचारलें होतें?

आपल्याकडचें एक उदाहरण मला याहून जवळचें वाटतें. आनंद पटवर्धनांचें 'हमारा शहर' हें १९८५ सालचें चित्र मुंबईच्या पाडल्या जाणाऱ्या झोंपडपट्ट्यांविषयीं आहे. त्यांत एक बाई चित्रण करणारांवरच उलटते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नांव मिळविणार, आमच्या पदरांत काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. हें बोलणें कापून टाकणें अगदीं सोपें होतें. प्रेक्षकाला त्याचा सुगावाहि लागला नसता. पटवर्धनांनीं तें राहूं दिलें. त्या बाईच्या प्रश्नाला चित्रांत उत्तर नाहीं, आणि मला वाटतें, उत्तर देतां येण्यासारखेंहि नाहीं. परंतु जो आपल्याविरुद्धची साक्ष स्वतःच पुढें आणतो त्याच्या बाकीच्या साक्षीवर माझा विश्वास वाढतो.

आतां त्या परिशिष्टाकडे. प्रबंधासोबत वीस मिनिटांचा एक अनुबोधपट तिला स्वतः करावयाचा होता, आणि तिनें विषय निवडला होता कल्हईवाला. तरुण वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतात, म्हणून अशा भांड्यांना आंतून कथलाचा पातळ थर देत, तीच कल्हई. कल्हईवाला दारांत येई, जमिनींत लहानसा खड्डा करून भाता लावी, कोळसे फुलवी, भांडें तापवून त्यांत नवसागर टाकी. पांढऱ्या धुराचा भपकारा निघे. लगेच कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्यानें ती अशी काय फिरवी कीं, बघतां बघतां काळवंडलेलें भांडें आंतून चांदीसारखें लखलखूं लागे. मग तें पाण्यांत बुडवितांना होणारा चर्र आवाज ऐकण्यासाठीं आम्ही मुलें जेवण सोडून धांवत असूं. घराघरांत स्टेनलेस स्टील आलें आणि ती हांक बंद झाली.

तिनें शहराच्या दुसऱ्या टोंकाला एक म्हातारा कल्हईवाला शोधून काढला. शेजारपाजारच्यांकडे भांडीं मागितलीं. मींहि माळ्यावरचें आईचें पातेलें काढून दिलें. माझा हात होता तो एवढाच. चित्र तयार झाल्यावर महाविद्यालयाच्या सभागृहांत तें दाखविलें गेलें. धूर उसळला, म्हाताऱ्याचा हात पातेल्यांत गोल फिरला, आणि माझे डोळे भरून आले. चित्रांत तो म्हणतो, "चाळीस वर्षें आम्ही हेंच करतों." त्या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणारांत मीहि होतों.

परिशिष्टांत लिहिलें होतें तें असें. तो माणूस अकरा वर्षांपासून एका इमारतीवर रात्रीचा पहारेकरी आहे. भाता त्यानें एका नातलगाकडून मागून आणला होता. तिनें फाटकापाशीं खुर्ची टाकून बसलेल्या त्याचें, निळ्या गणवेशांतलें, चित्रणहि केलें होतें, आणि तिच्या स्वतःच्या मतें तोच सर्व चित्रांतला उत्तम भाग होता. पण दुसऱ्या दिवशीं तो तिच्याकडे आला आणि म्हणाला, "बेटी, तें गणवेशाचें काढून टाक. लोक मला कल्हईवाला म्हणून ओळखतात. मुलीच्या सासरचे पाहतील." तिनें शब्द दिला आणि पाळला. "प्रेक्षकांशीं मी खोटें बोललें, चाचांशीं मी खरी राहिलें. यांपैकीं कोणतें ऋण मोठें हें मला ठरवितां येत नाहीं," असा परिशिष्टाचा शेवट होता.

नानूकच्या हातांत भाला दिला तो फ्लाहर्टीनें. येथें म्हाताऱ्यानें स्वतःच भाता मागितला. एवढा फरक पुरेसा आहे काय?

मीं प्रथम तर्कवाल्याला शोभेसें उत्तर दिलें. न सांगणें म्हणजे खोटें सांगणें नव्हे. गणवेश वगळला यांत दोष नाहीं. दोष आहे तो 'करतों' या वर्तमानकाळांत. तेवढें वाक्य कापावें. ती हंसली. म्हणाली, "सर, वाक्य कापलें तरी धूर तेंच सांगणार ना?" मला गप्प बसावें लागलें. चित्राला भूतकाळ नसतो. जें दाखवावें तें 'आहे' असेंच तें सांगतें. 'होतें' म्हणण्यासाठीं त्याला भाषेची मदत घ्यावी लागते.

मग मीं एक ओळ सुचविली: "हें काम यांनीं अकरा वर्षांपूर्वीं सोडलें, येथें तें चित्रपटासाठीं पुन्हां केलें आहे." गणवेशाचा उल्लेख नाहीं, आणि प्रेक्षकाची फसवणूकहि नाहीं. मला वाटलें, दोन्ही ऋणें फिटलीं. पण ती एवढ्यावर थांबली नाहीं. जां रूश आणि एदगार मोरें या दोघांनीं १९६० च्या उन्हाळ्यांत पॅरिसमधल्या माणसांना त्यांच्या सुखदुःखांविषयीं विचारून एक चित्र केलें होतें; शेवटीं त्यांनीं तें त्याच माणसांना दाखविलें आणि त्यांचें त्यावरचें भांडणहि चित्रांत घेतलें. कोणी म्हणाले हें बनावट आहे, कोणी म्हणाले हें नको तितकें उघडें आहे. तें तिच्या ध्यानांत होतें. ती फोनवर चित्र घेऊन म्हाताऱ्याकडे गेली आणि ती ओळ तिनें त्याला वाचून दाखविली.

तो रागावला. अकरा वर्षें हा आंकडा त्याला मान्य होता, पुन्हां केलें हेंहि मान्य होतें. 'सोडलें' हा शब्द त्याला मान्य नव्हता. "मीं कुठें सोडलें? भांडीं यायचीं बंद झालीं," असें तो म्हणाला. ओळ बदलली. आतां चित्राच्या शेवटीं असें लिहिलेलें आहे: "भांडीं येईनाशीं झाल्यामुळें हें काम अकरा वर्षांपूर्वीं बंद पडलें, येथें तें चित्रपटासाठीं पुन्हां केलें आहे." माझें वाक्य व्याकरणानें शुद्ध आणि हेतूनें प्रामाणिक होतें, आणि तरी तें खोटें होतें. ज्याच्याविषयीं तें लिहिलें होतें त्याला विचारीपर्यंत मला, तिला किंवा तिच्या मार्गदर्शकांना तें कळलें नाहीं.

तरीहि माझें पूर्ण समाधान झालेलें नाहीं. फाटकापाशीं बसलेल्या त्या माणसाचें चित्रण तिनें मला एकदां दाखविलें. रस्त्यावरच्या दिव्याखालीं तो बसला आहे, आणि समोरून स्वयंपाकघराच्या नव्या सामानाची गाडी फाटकांतून आंत जाते. तो उठून नांव लिहून घेतो. आपल्या शहरांनीं कारागिरांचें काय केलें हें सांगणारें याहून खरें चित्र मीं पाहिलेलें नाहीं, आणि तें कोणी पाहणार नाहीं. तें मीं येथें शब्दांत सांगितलें, तेव्हां मींहि त्याचा भरंवसा मोडला असें वाचकांस वाटेल. म्हणून लिहिण्यापूर्वीं मीं त्याला विचारलें होतें. नांव नाहीं ना, फोटो नाहीं ना, मग लिहा, असें तो म्हणाला. शब्दाला तो प्रत्यक्षाइतकें भीत नाहीं असें दिसतें. नैयायिकांनाहि हें पटलें असतें.

प्रबंधाला मान्यता मिळाली. एका परीक्षकांनीं परिशिष्ट अनावश्यक आहे असा शेरा मारला. चित्रांत काय खोटें होतें तें असो, पातेल्याची कल्हई मात्र अस्सल होती. तें परत माळ्यावर गेलें नाहीं. आमच्याकडे आमटी त्यांतच होते. गेल्या आठवड्यांत तळाशीं पिवळी रेघ दिसूं लागली, तेव्हां मीं त्याला निरोप धाडला. रविवारीं त्याला सुट्टी असते.